मोटारीच्या सीटवर चामड्याचे नवे कव्हर स्वतः बसवणे : रचना, कृती आणि सुरक्षितता



दिल्लीचे करोल बाग, चेन्नईचा जनरल पॅटर्स रोड, बंगळूरचा जे. सी. रोड, पुण्याची नाना पेठ. तुम्ही देशात कुठेही शिकत असा, गाडीची सीट कव्हरे टांगलेले दुकान तुमच्या ओळखीचे असणारच. घरात जुनी गाडी आली की पहिला खर्च बहुधा याच दुकानात होतो. हे काम स्वतः करता येते का? येते. लागणारी हत्यारे साधी आहेत आणि एक पुढची सीट दिवसभरात पूर्ण होते. पण या कामाला शोभेचे काम समजू नका. आजच्या सीटमध्ये एअरबॅग, पट्ट्याचे बकल आणि सेन्सर असतात. कव्हर चुकीचे बसले तर सीट वाईट दिसेल, एवढ्यावर ते भागत नाही. अपघातात माणूस वाचण्याचा संभव त्यामुळे कमी होतो. म्हणून या पाठात आपण आधी सीटची रचना समजून घेऊ, मग साहित्य पाहू आणि शेवटी कृती करू.

१. सीटची रचना

सीट म्हणजे चार थरांची रचना आहे. सर्वांत आत पोलादी सांगाडा. त्यावर भार झेलणाऱ्या नागमोडी स्प्रिंगा किंवा तारांची जाळी. त्यावर साच्यात ओतून बनवलेली पॉलियुरेथेन फोमची गादी आणि सर्वांत वर कव्हर.

कव्हर गादीला कसे धरून राहते, हे नीट पाहा. गादीवर खोलगट खाचा असतात आणि खाचेच्या तळाशी फोममध्ये एक पोलादी तार ओतलेली असते. कव्हरच्या आतल्या बाजूला, शिवणीच्या ओळीवर, कापडी पट्टी शिवलेली असते आणि तिच्यातही एक तार ओवलेली असते. या दोन तारा एकमेकींना सी आकाराच्या लहान पोलादी कड्यांनी बांधलेल्या असतात. या कड्यांना बाजारात हॉग रिंग म्हणतात. सीटवर दिसणाऱ्या खोल रेषा या कड्यांच्या ओढीमुळे तयार होतात. कव्हरचा बाहेरचा काठ मात्र प्लास्टिकच्या लांब हुकपट्टीने सांगाड्याच्या कडेला अडकवलेला असतो. काही गाड्यांत कड्यांऐवजी वेल्क्रो किंवा प्लास्टिकच्या चापा असतात.

यावरून कव्हरांचे दोन प्रकार सहज लक्षात येतात. पहिला प्रकार मूळ कव्हरवरून उशीच्या अभ्र्यासारखा चढवायचा आणि खालून नाड्या, इलॅस्टिक किंवा हुकांनी बांधायचा. दुसरा प्रकार मूळ कव्हर काढून त्याच जागी, त्याच खाचांत, कड्यांनी बांधायचा. या पाठाचा विषय दुसरा प्रकार आहे. तो बसायला वेळ घेतो, पण सरकत नाही, सुरकुततही नाही.

२. चामडे की रेक्झिन?

‘लेदर सीट कव्हर’ या नावाने जे विकले जाते त्यातले बरेचसे चामडे नसते. कापडावर पीव्हीसीचा किंवा पॉलियुरेथेनचा थर दिलेले ते कृत्रिम द्रव्य असते. रेक्झिन हे मुळात अशाच एका ब्रिटिश मालाचे व्यापारी नाव. आपल्याकडे ते सामान्यनाम होऊन बसले. कृत्रिम म्हणजे टाकाऊ असे नाही. ते पाण्याला दाद देत नाही आणि स्वस्तही असते. पण ते हवा खेळू देत नाही, आणि पॉलियुरेथेनचा स्वस्त थर दमट हवेत काही वर्षांनी पापुद्रे सुटून उडतो.

खरे चामडे ओळखायचे असेल तर कापलेली कड पाहा. चामड्याच्या कडेला गुंतलेल्या तंतूंचा लगदा दिसतो. कृत्रिम मालात खाली विणलेले कापड आणि वर प्लास्टिकचा थर असे दोन भाग स्वच्छ दिसतात. मोटारीसाठी वापरले जाणारे चामडे साधारण १ ते १.४ मिमी जाडीचे असते. कानपूर, कोलकाता आणि तमिळनाडूतील अंबूर, राणीपेट ही आपल्याकडची चामड्याची मोठी केंद्रे. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून या क्षेत्रात काम करते.

अभियंत्याच्या दृष्टीने चामड्याचा महत्त्वाचा गुण असा की ते सर्व दिशांनी सारखे ताणले जात नाही. जनावराच्या पाठीकडचे चामडे घट्ट असते, पोटाकडचे सैल. शिवाय कण्याच्या दिशेने ताण कमी येतो, आडवा जास्त येतो. म्हणून चांगला कारागीर बैठकीचा मधला भाग पाठीच्या चामड्यातून कापतो. कव्हर विकत घेताना दोन्ही सीटचे मधले भाग हाताने ताणून पाहा. एक फार सैल असेल तर सहा महिन्यांत तिथे ‘पोट’ सुटेल.

शिवणही तपासा. दोरा पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा हवा. सुती दोरा घामाने आणि उन्हाने कुजतो. टाके फार जवळजवळ असतील तर शिवण मजबूत होते हा समज चुकीचा आहे. चामड्यात प्रत्येक टाका हे एक भोक असते. भोके दाटली की टपाल तिकिटांच्या पानासारखी ती रेषा फाटायलाच तयार होते.

आणखी एक निकष आगीचा. गाडीच्या आतल्या साहित्यासाठी जगभर ज्वलनाच्या वेगाची मर्यादा घालून दिलेली असते. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ३०२ या नियमात ती मिनिटाला १०२ मिमी आहे. भारतात यासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. विक्रेत्याला माल या मानकात बसतो का, हे जरूर विचारा.

३. एअरबॅग : या पाठाचा गाभा

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. ही एअरबॅग स्टिअरिंगमध्ये असते, सीट कव्हरशी तिचा संबंध नाही. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत ताशी ५० किमी वेगाने बाजूची धडक आणि ताशी २९ किमी वेगाने खांबावरची बाजूची धडक यांचाही समावेश आहे. त्यामुळे बाजूच्या एअरबॅग असलेल्या गाड्या वाढत आहेत. ही एअरबॅग सीटच्या पाठीत, दाराकडच्या फुगीर कडेत, घडी करून ठेवलेली असते. बाहेर पडताना तिला कव्हर फाडूनच यावे लागते.

त्यासाठी मूळ कव्हरच्या त्या कडेची शिवण वेगळी असते. तिचा दोरा आणि टाक्यांचे अंतर असे ठरवलेले असते की रोजच्या बसण्या-उठण्यात ती टिकते, पण एअरबॅगच्या दाबाने ठरावीक जागी आणि ठरावीक वेळात उसवते. या शिवणीला आपण फाटशिवण म्हणू.

वेळेचा हिशोब करून पाहू. बाजूच्या धडकेत दार सेकंदाला ८ मीटर वेगाने आत येते आणि खांद्यापासून दार १६ सेमी दूर आहे, असे मानू.

उपलब्ध वेळ = ०.१६ ÷ ८ = ०.०२ सेकंद, म्हणजे २० मिलिसेकंद.

यातले ८ मिलिसेकंद धडक ओळखण्यात आणि १० मिलिसेकंद एअरबॅग फुगण्यात गेले, तर हाताशी उरतात फक्त २. आता कव्हर जाड आहे, फाटशिवण नाही, आणि एअरबॅगला बाहेर पडायला ५ मिलिसेकंद जास्त लागले, असे समजा. तेवढ्या वेळात दार आणखी ४ सेमी आत येते. म्हणजे दार खांद्यावर आदळते तेव्हा एअरबॅग अजून पुरती फुगलेली नसते. त्याहून वाईट म्हणजे वाट न मिळालेली पिशवी भलत्याच दिशेने, पाठीमागून किंवा पुढून, फुटू शकते. गणितातले आकडे मानलेले आहेत, पण त्यांची प्रत खरी आहे : इथे सगळा खेळ मिलिसेकंदांचा आणि सेंटिमीटरांचा आहे.

म्हणून तीन नियम लक्षात ठेवा.

• सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ असे लिहिलेली कापडी किंवा प्लास्टिकची चिठ्ठी आहे का, ते पाहा. गाडीचे माहितीपुस्तकही वाचा. एकाच गाडीच्या खालच्या आवृत्तीत बाजूची एअरबॅग नसते आणि वरच्या आवृत्तीत असते, हे नेहमीचे आहे.
• असल्यास, त्याच आवृत्तीसाठी बनवलेले आणि फाटशिवणीची चाचणी केलेले कव्हरच घ्या. ‘चालून जाईल हो’ हे चाचणीचे प्रमाणपत्र नव्हे.
• तसे कव्हर मिळत नसेल तर त्या सीटला हात लावू नका. नेहमीच्या कुशनवाल्याकडून ती कड जाड दोऱ्याने पुन्हा शिवूनही घेऊ नका.

४. विजेचा धोका आणि थांबण्याचे गणित

बॅटरीची तार काढली की एअरबॅग लगेच निर्धोक होते, असे बऱ्याच जणांना वाटते. तसे नसते. धडकेत बॅटरीच तुटली तरी एअरबॅग उघडावी, म्हणून तिच्या नियंत्रकात धारित्र बसवलेले असते. त्यात साठलेली ऊर्जा काढू.

धारिता ४७०० मायक्रोफॅरड आणि विभवांतर २५ व्होल्ट मानू.

ऊर्जा = ½ × धारिता × विभवांतर² = ½ × ०.००४७ × ६२५ ≈ १.४७ ज्यूल.

एअरबॅगची ठिणगी पेटायला काही मिलिज्यूल पुरतात. म्हणजे साठा गरजेच्या शेकडो पट आहे. हे धारित्र १० किलोओहम रोधातून रिकामे होत असेल, तर काल-स्थिरांक ४७ सेकंद येतो. तीन काल-स्थिरांकांनंतर, म्हणजे सुमारे २ मिनिटे २० सेकंदांनी, विभवांतर मूळच्या ५ टक्क्यांवर येते. ऊर्जा विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सुमारे ३.६ मिलिज्यूल उरते. अजून धोका आहेच. पाच काल-स्थिरांकांनंतर, सुमारे ४ मिनिटांनी, ती ०.०७ मिलिज्यूलपेक्षाही कमी होते.

तुमच्या गाडीत हे आकडे वेगळे असतील. म्हणून दुरुस्ती-पुस्तिकेत जेवढी मिनिटे थांबायला सांगितले आहे, तेवढी पूर्ण थांबा. पण का थांबायचे, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. अति घाई संकटात नेई, हा घाटातला फलक इथेही लागू पडतो.

५. हत्यारे

बोल्टला बसणारा पाना (बहुधा १४ मिमीचा किंवा टॉर्क्स), टॉर्क पाना, तिरपी कटर पक्कड, हॉग रिंग बसवायची खाचेची पक्कड, नव्या कड्या, प्लास्टिकची पातळ पट्टी, हातमोजे, संरक्षक चष्मा आणि मोबाइलचा कॅमेरा. कापलेली कडी उडून डोळ्यात जाऊ शकते, तेव्हा चष्म्याचा कंटाळा करू नका.

६. कृती

(१) पुढची सीट साधारणपणे चार बोल्टांनी जमिनीला बांधलेली असते. सीट पुढे सरकवून मागचे आणि मागे सरकवून पुढचे बोल्ट सैल करा. विजेवर सरकणारी सीट असेल तर एवढे काम बॅटरी जोडलेली असतानाच करावे लागते, कारण नंतर सीट हलणार नाही.

(२) इग्निशन बंद करा, किल्ली बाहेर काढा. बॅटरीची ऋण तार आधी काढा आणि ती पुन्हा टेकणार नाही अशी बाजूला बांधा. आता सांगितलेला वेळ थांबा.

(३) गाडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार घालवा. सीटखालच्या जोडण्यांचे फोटो काढा आणि मग त्या सोडवा. एअरबॅगची जोडणी बहुधा पिवळी असते. तिच्या टोकांना मल्टिमीटर कधीही लावू नका. रोध मोजताना तो स्वतः प्रवाह सोडतो. सीट सुटी असेपर्यंत इग्निशन चालू करू नका, नाहीतर नियंत्रकात दोषाची नोंद होईल.

(४) बोल्ट काढा आणि सीट दोघांनी मिळून बाहेर काढा. जुन्या चादरीवर ठेवा. रुळांची धार दाराच्या रंगाला आणि बोटांना दोन्हींना लागते.

(५) डोके टेकायची उशी काढा. बाजूची प्लास्टिक आवरणे आणि तरफांच्या मुठी सोडवा. जबरदस्ती करण्याआधी लपलेला स्क्रू शोधा.

(६) पाठीच्या खालच्या कडेची हुकपट्टी किंवा झिप उघडा. कव्हर खालून वर, बनियन काढावे तसे, उलटे करत न्या. कडी दिसली की कापा, फोम ओढू नका. डोक्याच्या उशीच्या दांड्या ज्या प्लास्टिकच्या नळ्यांत बसतात, त्यांच्या खालच्या चिमटीला आतून दाबून त्या वर काढा. एअरबॅग जागेवरच राहू द्या; तिच्याभोवती कापडी आवरण असेल तर ते कसे गुंडाळले आहे, याचा फोटो घ्या.

(७) बैठकीचे कव्हरही तसेच काढा. प्रवाशाच्या सीटमध्ये कव्हरखाली पातळ सेन्सर असू शकतो. कोणी बसले आहे का, हे तो ओळखतो आणि पट्टा न लावल्याची सूचना त्यावरून मिळते. तो वाकवू नका, त्याच्यावर जादा फोम ठेवू नका, त्याच्यातून कडी घालू नका.

(८) जुन्या कव्हरमधल्या तारा ओढून काढा आणि क्रमाने नव्या कव्हरच्या पट्ट्यांत सरकवा. या तारा विसरल्या तर कडी थेट कापडात बसते आणि थोड्याच दिवसांत पट्टी फाटते.

(९) फोम तपासा. दाराकडची कड बहुधा आधी झिजलेली असते. खळगा असेल तर त्याच घनतेचा तुकडा चिकटवा. एअरबॅगच्या बाजूला मात्र काहीही भरू नका.

(१०) नवे कव्हर उन्हात अर्धा तास ठेवा. ऊबेने चामडे मऊ पडते. पावसाळ्यात किंवा थंड प्रदेशात केस वाळवायचे यंत्र दुरून फिरवा.

(११) कव्हरची मधली रेषा आणि गादीची मधली खाच जुळवा. पहिली कडी मध्यभागी घाला, मग दोन्ही बाजूंना सरका. कडीने कव्हरची आणि फोमची अशा दोन्ही तारा पकडल्या पाहिजेत. एका टोकापासून सुरुवात केली तर सगळी सुरकुती दुसऱ्या टोकाला साचते. मधल्या खाचा झाल्या की कडेच्या आणि शेवटी बाहेरच्या हुकपट्ट्या अडकवा.

(१२) पाठीचे कव्हर वरून खाली उतरवा. फाटशिवण एअरबॅगच्या बरोबर समोर आली पाहिजे. ती एक बोटभर जरी सरकली तरी कव्हर पुन्हा वर घ्या.

(१३) सीट गाडीत ठेवा. चारही बोल्ट आधी हाताने फिरवा, मग टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या मूल्यापर्यंत आवळा. समजा मूल्य ४० न्यूटन-मीटर आहे आणि पान्याची दांडी २५ सेमी आहे. तर लागणारे बल ४० ÷ ०.२५ = १६० न्यूटन, म्हणजे साधारण १६ किलो वजनाएवढे.

(१४) जोडण्या ‘टिक’ असा आवाज येईपर्यंत दाबा. तारा रुळात अडकत नाहीत ना, हे सीट पुढेमागे करून पाहा. गाडीत कोणी बसलेले नसताना बॅटरी जोडा. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. तो पेटलेलाच राहिला तर गाडी अधिकृत कार्यशाळेत दाखवा.

७. बोल्ट इतके महत्त्वाचे का?

बहुतेक गाड्यांत पट्ट्याचे बकल सीटच्या सांगाड्यालाच जोडलेले असते. ७० किलोचा माणूस २० जी मंदनाने थांबला तर त्याच्यावरचे बल ७० × ९.८ × २० = १३,७२० न्यूटन, म्हणजे सुमारे १.४ टन वजनाएवढे होते. या बलाचा मोठा वाटा बकलमधून सीटमध्ये आणि सीटमधून बोल्टमध्ये उतरतो. सैल बोल्ट शांत रस्त्यावर फक्त कुरकुरतो. धडकेत मात्र तोच साखळीचा कच्चा दुवा ठरतो.

८. निगा

पहिले काही दिवस उरलेल्या बारीक सुरकुत्या बसण्याच्या वजनाने आणि ऊबेने आपोआप जातात. चामडे ओल्या फडक्याने पुसून सुक्याने कोरडे करा. खोबरेल तेल लावू नका. त्याने धूळ धरते आणि शिवण मळते. कोकण, गोवा, केरळ, कोलकाता अशा दमट हवेत गाडी आठवडाभर बंद ठेवायची असेल तर अधूनमधून दारे उघडून वारा द्या, नाहीतर बुरशी येते.

९. सारांश

कव्हर कड्यांनी आणि तारांनी खाचांत बांधलेले असते, म्हणून काम मधून बाहेर करायचे. एअरबॅगला वाट लागते, म्हणून फाटशिवणीशी तडजोड नाही. धारित्र हळूहळू रिकामे होते, म्हणून थांबायचे. बकलचा भार सीटमधून जातो, म्हणून बोल्ट मोजून आवळायचे. हे चार ‘म्हणून’ समजले की बाकीची कृती हाताच्या सरावाने येते. सुरुवात बाजूची एअरबॅग नसलेल्या गाडीच्या प्रवासी सीटपासून करा, आणि सोबत एक जाणता माणूस ठेवा.

१०. स्वाध्याय

१. वरील उदाहरणात रोध २० किलोओहम असता तर ऊर्जा ०.०७ मिलिज्यूलपर्यंत यायला किती वेळ लागला असता?
२. दार सेकंदाला १० मीटर वेगाने आत येत असेल आणि अंतर १५ सेमी असेल, तर उपलब्ध वेळ काढा.
३. घरच्या किंवा शेजारच्या गाडीच्या पुढच्या सीटची पाहणी करा. एअरबॅगची चिठ्ठी कुठे आहे? तिच्यावरून दुसरे कव्हर चढवलेले आहे का? असल्यास त्या घरच्यांना तुम्ही काय सांगाल, ते पाच ओळींत लिहा, आणि लिहून झाल्यावर त्यांना खरोखर सांगा.